वाघिणीकडे कोणी बघत नाही

टेबलावर धावणारी छोटी मालगाडी बघायला जो येतो, तो इंजिनच बघतो. रंग कोणता, दिवा लागतो का, भोंगा वाजतो का, कितीला पडलं, हे सगळं तो इंजिनाबद्दल विचारतो. मागे वाघिणींची रांग असते, तिच्याकडे त्याची नजर जात नाही. त्यातली एखादी वळणावर रुळाखाली उतरते, तिच्यामागच्या दोन आडव्या होतात, तेव्हाही पहिला प्रश्न हाच येतो: "इंजिन बिघडलं का?" इंजिन ठणठणीत असतं. ते जड असतं, त्याची चाकं कारखान्यात निगुतीने बसवलेली असतात आणि त्याच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. घसरतात त्या वाघिणी, आणि त्यांची कोणीच दखल घेत नाही. माझी तक्रार याबद्दल आहे. विषय लहान आहे हे मान्य, पण तक्रार पूर्ण गांभीर्याने केलेली आहे.

जालन्यात छोट्या रेल्वेचा हा छंद करणारे थोडे असतील, पण मालगाडी न पाहिलेला माणूस इथे सापडायचा नाही. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज रूळ पडले आणि जालना त्या मार्गावर आलं. १ मे १९८१ रोजी जिल्हा वेगळा झाला, तेव्हाही रूळ मीटरगेजच होते. पुढच्या दशकात ते ब्रॉडगेज झाले. आज बदनापूर, जालना, परतूर या स्टेशनांवरून सिमेंटच्या, खतांच्या, कंटेनरच्या गाड्या जातात आणि दरेगावच्या बाजूला ड्राय पोर्टचं काम झालेलं आहे. गाव पोलादाचं आहे. बारा मिलिमीटर सळईचं वजन मीटरला ०.८८८ किलो भरतं, हे इथे सळई बांधणाऱ्या पोरालाही तोंडपाठ असतं. अशा गावात वजन आणि माप यांचं महत्त्व समजावून सांगावं लागू नये. छोट्या रेल्वेच्या बाबतीत मात्र ते दरवेळी पहिल्यापासून सांगावं लागतं.

पहिली तक्रार बोटाबद्दल आहे. वाघीण घसरली की जवळ उभा असलेला माणूस बोटाने ती उचलून रुळावर बसवतो आणि म्हणतो, "झालं, चालू करा." पाहुणे हे करतात, शेजारी करतात, पुतणा करतो. पुतणा वर एक सल्लाही देतो: "काका, एवढा एक डबा काढून टाका ना, मग पडणार नाही." सगळ्यांचा हेतू चांगला असतो. पण त्या एका बोटाने सगळा पुरावा पुसला जातो. खऱ्या रेल्वेत डबा घसरला की तो हलवण्याआधी जागेवर मापं घेतली जातात. रुळांमधलं अंतर, रुळांची पातळी, चाकांची झीज, चाकांमधलं अंतर, सगळं नोंदलं जातं. मग क्रेन येते. टेबलावर क्रेन आधी येते आणि मापं कधीच घेतली जात नाहीत.

घसरलेली वाघीण उचलण्याआधी बघायचं एवढंच असतं: कोणतं चाक उतरलं, कोणत्या बाजूला, आणि रुळाच्या कोणत्या ठिकाणी. एकच वाघीण वेगवेगळ्या जागी उतरत असेल तर दोष वाघिणीचा. वेगवेगळ्या वाघिणी एकाच जागी उतरत असतील तर दोष रुळाचा. एकच वाघीण एकाच जागी उतरत असेल तर दोन्हीकडे थोडं थोडं बिघडलेलं आहे. जागेवर खडूची खूण करावी, वाघिणीचा नंबर वहीत लिहावा. चार दिवस हे केलं तर वहीच उत्तर देते. या नियमाला पैसा लागत नाही, हत्यार लागत नाही. तरी तो पाळणारा माणूस दुर्मिळ आहे.

दुसरी तक्रार वजनाबद्दल. खऱ्या रेल्वेत कोळशासाठी वापरली जाणारी बॉक्सएन वाघीण रिकामी साधारण साडेबावीस टन आणि भरलेली ८१ टनांच्या वर असते. एचओ मापाचा नमुना १:८७ या प्रमाणात असतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ पटींनी घटतात, म्हणजे वजन ८७ च्या घनाने घटतं. हिशेब केला तर रिकामी वाघीण ३४ ग्रॅम आणि भरलेली १२३ ग्रॅम भरते. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या एनएमआरए या संघटनेने छोट्या रेल्वेची मापं ठरवून दिली आहेत. तिची शिफारस अशी की एचओ वाघीण २८ ग्रॅम अधिक लांबीच्या दर सेंटिमीटरला ५.६ ग्रॅम एवढी असावी. बॉक्सएनचा सांगाडा कपलिंग सोडून ९.७८४ मीटर लांब, म्हणजे नमुन्यात सव्वाअकरा सेंटिमीटर. त्या हिशेबाने वजन ९१ ग्रॅम हवं. माझ्याकडे आलेल्या प्लॅस्टिकच्या वाघिणींपैकी एकीनेही काट्यावर तेवढं वजन दाखवलं नाही.

हलकी वाघीण का उतरते, हे समजून घेण्यासारखं आहे. चाकाची कड रुळावर चढायला बघते तेव्हा तिला वर ढकलतो तो बाजूचा रेटा आणि खाली धरून ठेवतो तो वरचा भार. या दोघांचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की चाक चढतं. नादाल या फ्रेंच अभियंत्याने हे प्रमाण सूत्रात बांधलं आणि खऱ्या रेल्वेत ते आजही वापरतात. वळणावर लांब गाडी ओढली जाते तेव्हा प्रत्येक वाघिणीला आतल्या बाजूला ओढ बसते. पुढे हलक्या आणि मागे जड वाघिणी असतील तर मधली हलकी सरळ आत खेचली जाते. म्हणून नुसतं वजन वाढवून भागत नाही, सगळ्या वाघिणी सारख्या प्रमाणात जड हव्यात. एक शंभर ग्रॅमची आणि तिच्यापुढे चाळीस ग्रॅमची, ही जोडी घसरणारच.

भारतीय नमुन्याची एक खास अडचण आहे, ती परदेशी पुस्तकांत सापडत नाही. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं. १:८७ ने ते १९.३ मिलिमीटर व्हायला हवं. पण एचओचा रूळ जगभर १६.५ मिलिमीटरचा मिळतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर गेजवरून ठरला. आपल्या वाघिणी त्याच रुळावर चालवाव्या लागतात. खऱ्या बॉक्सएनची रुंदी ३.२ मीटर, म्हणजे गेजच्या १.९ पट. नमुन्यात तीच रुंदी ३६.८ मिलिमीटर होते आणि गेजच्या २.२ पट भरते. भारतीय नमुन्याची वाघीण खऱ्या वाघिणीपेक्षा अरुंद पायांवर उभी असते. म्हणून आपण भरलेलं वजन जितकं खाली बसेल तितकं चांगलं. वरून कोळसा ओतून वजन वाढवणं चूक आहे. वजन तळाला चिकटवायचं, मध्यभागी, दोन्ही बोगींवर, म्हणजे चाकं धरणाऱ्या चौकटींवर, सारखं वाटून.

वजनासाठी जालन्याबाहेर जायची गरज नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानातले छर्रे चालतात, हार्डवेअरमधले वॉशर चालतात. मोजायला सराफाच्या दुकानातला काटा उत्तम, आणि ओळखीचा सराफ नाही म्हणत नाही. शिसं जड असतं पण विषारी आहे, घरात पोरं असतील तर वापरू नये. वाघिणीच्या तळाला चुंबकाने उघडणारं कपलिंग असेल तर लोखंडी वजन त्याच्यापासून दूर ठेवावं.

तिसरी तक्रार चाकांबद्दल, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी. दुकानदाराला विचारलं की चाकांमधलं अंतर बरोबर आहे का, तर तो डबा उलटा न करता सांगतो, "साहेब, एकदम ओरिजिनल दिसतोय बघा, नंबरसुद्धा छापलाय." नंबर खरंच छापलेला असतो. डब्याच्या अंगावर वजन, रिकामं किती आणि भरलेलं किती, बारीक अक्षरांत अचूक लिहिलेलं असतं. त्या अक्षरांवर कोणीतरी मेहनत घेतली आहे. तीच मेहनत ॲक्सलवर घेतली असती तर वाघीण धावली असती. एचओ चाकजोडीच्या दोन्ही चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर साधारण १४.४ मिलिमीटर हवं. ते कमी असेल तर सांध्यातल्या, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथल्या, चेकरुळावर चाकाची पाठ अडते आणि चाक वर चढतं. जास्त असेल तर दोन्ही कडा रुळांना आतून घासतात आणि वळणावर गाडी अडखळते. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पुरतो. प्लॅस्टिकच्या ॲक्सलवर चाकं दाबून बसवलेली असतात, हाताने हलके पिळून ती सरकवता येतात. दर वेळी व्हर्निअरने मापावं. एमआयडीसीतल्या कोणत्याही लेथवर व्हर्निअर असतो, आणि दोन मिनिटांसाठी कोणीही देतो.

चाकाचा आकारही महत्त्वाचा आहे. रुळावर टेकणारा चाकाचा भाग सपाट नसतो, किंचित निमुळता असतो. खऱ्या रेल्वेत हा उतार वीसास एक, नमुन्याच्या एनएमआरए प्रमाणात तीन अंश, म्हणजे जवळजवळ तेवढाच. निमुळतेपणामुळे चाकजोडी स्वतःला रुळाच्या मधोमध आणते आणि कडेला घासत नाही. स्वस्त प्लॅस्टिकच्या चाकावर साचा जोडल्याची रेघ असते, ती फिरताना चाकाला उसळी देते. शिवाय प्लॅस्टिकचं चाक धूळ धरून ठेवतं, तीच धूळ रुळावर पसरवतं, आणि मग इंजिनाची वीज तुटते. पुन्हा दोष इंजिनाला. प्लॅस्टिकऐवजी धातूची चाकं बसवणं हा खर्चातला सगळ्यांत उपयोगी खर्च आहे. ती घेताना व्यास आणि ॲक्सलची लांबी दोन्ही बघावीत. खऱ्या वाघिणीचं नवं चाक एक मीटर व्यासाचं असतं, नमुन्यात साडेअकरा मिलिमीटर. अमेरिकी वाघिणीसाठी विकली जाणारी चाकं त्याहून लहान असतात, ती बसवली की वाघीण खाली बसते आणि कपलिंगची उंची जाते.

ॲक्सलची टोकं सुईसारखी असतात आणि बोगीच्या बाजूच्या पट्टीतल्या खोलगट खळ्यांत फिरतात. खळ्यात साच्यातलं फालतू प्लॅस्टिक राहिलं की चाक जड फिरतं. ते साफ करायला खास कातणी मिळते, पण हाताने हळूच फिरवलेलं बारीक ड्रिलही काम करतं. खळा फार खोल केला तर चाक डुगडुगतं, तेव्हा थांबायचं कुठे हे ठरवून हात घालावा. मग वाघीण काचेच्या पट्टीवर ठेवून एक टोक वर उचलावं. शंभरात दोन उतारावर ती आपोआप निघाली तर ती चांगली. त्याहून जास्त उचलावं लागलं तर परत खाली काढावी. तेल मात्र घालू नये. आपल्या भागात धूळ आहे, जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू हवेत असतात, आणि तेल घातलेल्या ॲक्सलवर ते दोरी वळल्यासारखे गुंडाळले जातात. तेलाने काही प्रकारचं प्लॅस्टिकही खराब होतं. कोरडी ग्रॅफाइटची पूड, चिमूटभरही नको, तिच्याहून कमी, एवढं पुरतं. महिन्यातून एकदा चिमट्याने ॲक्सलवरचे केस आणि तंतू काढावेत. घरातला झाडू फिरला की तंतू उडून रुळावर येतात, म्हणून झाडल्यावर तासभर गाडी चालवू नये.

चौथी तक्रार बोगीच्या स्क्रूबद्दल. दोन्ही स्क्रू घट्ट पिळून दिलेल्या वाघिणी बाजारात येतात. पिळणाऱ्याला वाटतं, घट्ट म्हणजे मजबूत. रूळ कधीच पूर्ण सपाट नसतो. दोन्ही बोगी घट्ट असल्या की आठपैकी एक चाक हवेत राहतं आणि पहिल्याच जोडावर खाली उतरतं. उपाय एक पूर्ण फेरा उलटा पिळण्याइतका सोपा आहे. एक बोगी अशी बसवायची की ती फक्त आडवी वळेल, डोलणार नाही. दुसरी थोडी सैल ठेवायची, म्हणजे ती वळेलही आणि डावी-उजवी डोलेलही. वाघीण आपोआप तीन टेकूंवर उभी राहते आणि आठही चाकं रूळ सोडत नाहीत. दोन्ही सैल ठेवल्या तर ती वळणावर झुकते, तेही चालत नाही.

कपलिंगबद्दलही तेवढंच. एचओमध्ये कपलिंगचा मध्य रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिलिमीटरवर असावा असं प्रमाण आहे. एक वाघीण वर आणि शेजारची खाली असली की चढावर त्या सुटतात, आणि सुटलेल्या वाघिणी उतारावर मागे येऊन धडकतात. कपलिंगखालची वळलेली तार फार खाली आली तर ती सांध्यात अडकून वाघीण उचलते. ती पक्कडीने वर करावी. आपल्या खऱ्या बॉक्सएनला मधोमध मुठीसारखं कपलिंग असतं, तेव्हा नमुन्यातही त्याच जातीचं, उदाहरणार्थ केडी कंपनीचं, कपलिंग शोभतं आणि चालतंही. दुकानात मात्र एका पेटीत एक जात, दुसऱ्या पेटीत दुसरी, आणि जोडणारा त्यांच्या मध्ये तार बांधून बसलेला. कपलिंग बोगीला जोडलेलं असेल तर मागे ढकलताना बोगी तिरपी होते आणि चाक चढतं. ते सांगाड्याला जोडावं. यार्डात गाडी मागे घेताना होणाऱ्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे आहे.

रुळाच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. जालन्याचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो आणि पावसाळ्यात तीच फळी ओलावा पिऊन फुगते. एक मीटर रूळ पंचवीस अंशांच्या फरकाने साधारण ०.४ मिलिमीटर लांब-आखूड होतो. जोडांत फट ठेवली नाही तर मे महिन्यात रूळ वाकतो, आणि वाकलेला रूळ सरळ दिसतो. डोळा रुळाच्या पातळीवर आणून बघितल्याशिवाय तो सापडत नाही. जोडावर बोट फिरवावं, नख अडलं तर चाकही अडेल. बारीक कानस दोन वेळा फिरवली की नख अडत नाही. डावं वळण लगेच उजव्या वळणाला जोडू नये, मध्ये सर्वांत लांब वाघिणीएवढा सरळ तुकडा ठेवावा, नाहीतर कपलिंगच एकमेकांना बाहेर ढकलतात.

हे सगळं अशक्य नाही, हे महाराष्ट्रातच सिद्ध झालेलं आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. लोकांसमोर वेळच्या वेळी गाड्या धावतात, आणि धावल्या पाहिजेत, कारण प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो. जालन्याहून पुण्याला गेलेल्याने ते जरूर बघावं, आणि इंजिनाऐवजी गाडीच्या शेवटच्या डब्याकडे बघावं. तो डबा वळणावर कसा जातो यावरून त्या रेल्वेची सगळी शिस्त कळते.

शेवटी माझं मागणं दोघांकडे आहे. वाघिणी बनवणाऱ्यांनी आणि आणून विकणाऱ्यांनी पेटीवर तीन आकडे छापावेत: वजन किती ग्रॅम, चाकांच्या पाठींमधलं अंतर किती मिलिमीटर, कपलिंगची उंची किती मिलिमीटर. डब्याच्या अंगावर टन अचूक छापता येतात, तर पेटीवर ग्रॅमही छापता येतील. आणि छंद करणाऱ्याने पुढचं इंजिन घेण्याआधी तेवढ्या पैशात आपल्या सगळ्या वाघिणींची चाकं बदलावीत, त्यांचं वजन सारखं करावं, एक बोगी सैल करावी. दोन इंजिनं आणि घसरणाऱ्या वाघिणी असलेल्या रेल्वेपेक्षा एक इंजिन आणि न घसरणाऱ्या वाघिणी असलेली रेल्वे चांगली. वाघीण घसरलीच, तर बोट खिशात ठेवा आणि आधी चाक बघा.